पटावरचा खोकला

कार्तिक संपत आला आणि भाताच्या मळण्या सुरू झाल्या की आमच्या शाळेत शिकवणं कमी आणि खोकणं जास्त होतं. एकाने सुरुवात केली की दुसरा उचलतो, मग तिसरा. फळ्याकडे तोंड करून उभी असले तरी कोण खोकलं ते मला मागे न बघता कळतं. पोरांच्या अक्षरापेक्षा त्यांचे खोकले मला जास्त ओळखीचे झालेत, आणि यात मिरवण्यासारखं काही नाही.

शाळा सीमाभागातल्या येळ्ळूरच्या पुढच्या एका लहान गावातली, सरकारी, मराठी माध्यमाची. मी शहापुरातून सकाळच्या बसने जाते. निवृत्ती जवळ आली आहे आणि खरं सांगायचं तर मी दमले आहे. शिकवून नाही दमले. तीच ती गोष्ट दरवर्षी नव्याने सांगून दमले. खिडक्या उघडा. हात धुवा. कोपरात खोका. ताप आहे त्याला घरी ठेवा. हे मी इतक्या वेळा म्हटलं आहे की पोरं माझ्या आवाजात त्याची नक्कल करतात, आणि नक्कल करता करताच शेजारच्याच्या तोंडावर खोकतात.

आमचं पहिलं भांडण खिडक्यांवरून असतं. शाळेला खोल्या दोन, त्यातली एक पावसाळ्यात गळून गळून कामातून गेलेली. म्हणून सगळे वर्ग एकाच खोलीत. मी सकाळी खिडक्या उघडते, मधल्या सुट्टीनंतर येते तर त्या बंद. पोरांना परत सोडायला आलेल्या आयाच लावून जातात. "वारं लागतंय की बाई पोरास्नी," असं म्हणतात, आणि माझ्याकडे असं बघतात की ही बाई आमच्या लेकरांच्या जिवावर उठली आहे. कोंडलेल्या खोलीत सगळ्यांनी एकमेकांचा श्वास घ्यायचा, हे त्यांना चालतं. वारा चालत नाही.

पोरांच्या कानाला मफलर इतका घट्ट की मी काय बोलते ते ऐकू येऊ नये, आणि पायात काही नाही, दवाने भिजलेल्या गवतातून तशीच आलेली. खोकला कशाने झाला असं विचारलं तर उत्तर ठरलेलं. आवळा खाल्ला. पेरू खाल्ला. रात्री केळं दिलं होतं. आमच्या गावात आवळ्याने जेवढे बोल खाल्ले आहेत तेवढे कुणीच खाल्ले नसतील. घरात न्हाणीची चूल पेटते, तिचा धूर माजघरभर भरतो आणि पोर त्या चुलीजवळच शेकत बसतं, त्या धुराला कुणी काही म्हणत नाही.

साबणाची तऱ्हा निराळी. नळाजवळ साबण ठेवला की तो संध्याकाळपर्यंत नाहीसा. शेवटी मी जुन्या पायमोज्यात वडी घालून तो नळाला बांधला. तो टिकला. पोरं आता मोज्यासकट हात चोळतात, आणि मला त्याचा एवढा आनंद झाला की त्या दिवशी बसमध्ये शेजारच्या अनोळखी बाईला मी ते सांगितलं. तिने माझ्याकडे बघून खिडकीबाहेर तोंड केलं.

महिन्यातून एकदा आरोग्य केंद्राची नर्स येते. ती आयांना शाळेच्या पायरीवर बसवून सांगते की खोकणारं, तापलेलं लेकरू चार दिवस घरी ठेवा, पेज द्या, पाणी द्या, आणि श्वास भराभर चालला किंवा बरगड्या आत ओढल्या जायला लागल्या तर वाट बघत बसू नका, सरळ दवाखाना गाठा. लस राहिली असेल तर केंद्रात या. आया माना हलवतात. मनापासून हलवतात, मी बघितलं आहे. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तीच पोरं नाक ओढत माझ्यासमोर हजर.

याचं कारण आप्पा.

आप्पा म्हणजे गावातले एक वयस्कर शेतकरी. गाव त्यांना आज्जा म्हणतं, मी आप्पा म्हणते. अंगात पांढरा सदरा, डोक्याला टोपी, हातात बारा महिने छत्री. हा भाग महाराष्ट्रात जावा म्हणून तरुणपणी ते हिंडलग्याच्या तुरुंगात जाऊन आले. शाळेची खोली बांधायला निघाली तेव्हा मातीच्या पाट्या त्यांनी स्वतः वाहिल्या. तीन पिढ्या या शाळेत शिकताना त्यांनी पाहिल्या आणि आता ती शाळा रिकामी होताना बघत होते. सकाळी पिवळी गाडी गावात येते आणि निम्मी पोरं टाय लावून इंग्रजी शाळेला निघून जातात. राहिली ती आमची. त्यांचाही पट आणखी खाली गेला तर शाळा शेजारच्या गावच्या शाळेत विलीन करतील, असं दोन वर्षं कानावर येत होतं.

म्हणून आप्पांनी एक काम अंगावर घेतलं होतं. रोज सकाळी ते घरोघरी जायचे, छत्रीच्या टोकाने दार वाजवायचे आणि पोरं गोळा करून शाळेत आणायचे. कुणाचं पोट दुखतंय, कुणाला ताप आहे, असली कारणं त्यांच्यासमोर टिकायची नाहीत. मराठी शाळेत खाडा करायचा नाही, बस्स. मी एका आईला रागावले तेव्हा ती म्हणाली, "तुमी म्हणताय ते पटतंय बाई. पण आज्जा दारात येऊन हुबं ऱ्हायल्यावर त्यास्नी न्हाय कसं म्हणू? आमच्यासाठी जेलात गेल्याला माणूस त्यो." मीही त्यांना कधी धड नाही म्हणू शकले नव्हते.

त्यांची नात तिसरीला. आई-बाप दोघंही उद्यमबागेत कारखान्यात कामाला, दिवस उजाडायच्या आत बस धरणारे. त्यामुळे पोरगी आज्ज्याच्या हाताखालीच वाढली. हडकुळी, बोलकी, आणि पाढ्यांत अशी पक्की की सातचा पाढा एका दमात सत्तरपर्यंत नेऊन मगच श्वास घ्यायची. पण थंडी पडली की तिची छाती वाजायची. डॉक्टरांनी तोंडाने औषध ओढायचा पंप लिहून दिला होता, आणून ठेवलाही होता. आप्पांनी तो घेऊ दिला नव्हता.

"एकदा पंप लागला की जल्माचा लागतोय," ते मला म्हणाले होते. हे त्यांना कुणी सांगितलं देव जाणे. आमच्या भागात बरेच जण असंच समजतात, आणि लेकराला लागणारं औषध फळीवर ठेवून त्याला आल्याचा रस पाजत बसतात. आल्याच्या रसाशी माझं वैर नाही. पण तो पंपाच्या जागी चालत नाही.

त्या वर्षी मार्गशीर्षात गावभर खोकल्याची साथ होती. नात आठवडाभर खोकत होती. तिच्या खोकल्याचा आवाज बदलला तसं मी एका सकाळी आप्पांना फाटकातच गाठलं. पोरं आत गेली होती.

"आप्पा, हिला उद्यापासून घरी ठेवा. दवाखान्यात दाखवा."

"ठेवतो की. पण ह्या आठवड्यात साहेब येणार हाईत पोरं मोजाय. येवढं होऊंदे."

"मोजायला येऊ देत. आजारी आहेत म्हणून सांगू आपण."

"आजारी हाय म्हटल्यालं कागदावर येत न्हाय बाई. कागदावर रिकामा बाक येतोय." ते छत्रीने मातीत रेघ ओढत होते. "बाकीची पोरं घरात ठेवाय लागली तर मी समजू शकतो. तुमीच असं म्हणाय लागल्यावर आमी कुणाकडं बगायचं?"

मला राग आला. त्यांचाही आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य होतं याचाही. रिकामा बाक खरंच कागदावर येतो. मी एवढंच म्हटलं की बाकीच्यांनाही तिच्यापासून लागतंय. ते म्हणाले, "लागतंय आणि जातंय. पोरं हाईत." मग घंटा झाली आणि मी आत गेले. त्या दिवशी मला स्वतःलाही बारीक ताप होता, आणि आणखी वाद घालायची ताकद माझ्यात नव्हती.

साहेब आले त्या दिवशी सकाळपासून दाट धुकं होतं. मी पोचले तर खोली गच्च भरलेली. आप्पांनी घरटी पोर आणलं होतं. ज्याला आदल्या दिवशी मी कपाळाला हात लावून परत पाठवलं होतं, तोही मफलरात गुंडाळून बसला होता. आणि सगळ्या खिडक्या लावलेल्या. "साहेबास्नी वारं लागंल," आप्पा म्हणाले आणि दाराशी उभे राहिले. त्यांनी धुतलेला सदरा घातला होता. खोलीत बामाचा वास कोंडला होता आणि खोकल्याला खंड नव्हता.

साहेब म्हणजे तालुक्याहून आलेले शिक्षण खात्याचे अधिकारी. चांगला माणूस होता, आपलं काम करायला आलेला. कन्नडमध्ये बोलायचे आणि मला बरं वाटावं म्हणून मधेमधे मराठी वापरायचे. त्यांनी बोटाने पोरं मोजली, लिहून घेतलं, आणि मग म्हणाले, कुणीतरी पाढा म्हणा बघू. सगळ्यांच्या माना एकीकडे वळल्या. पाढा म्हणजे आप्पांची नात, हे ठरलेलं होतं.

ती उभी राहिली.

"सात एके," ती म्हणाली. थांबली. "सात." पुन्हा थांबली.

पोरं हसली. दारातून आप्पांनीही हसून मान हलवली. साहेबांना बघून बुजली, असं त्यांना वाटलं. "सात दुणे चौदा," त्यांनी तिला आठवण करून दिली. "म्हण की गं."

"सात," ती म्हणाली, "दुणे."

मी तिच्या तोंडाकडे बघत नव्हते. तिच्या गळ्याखालच्या खळग्याकडे बघत होते. दर श्वासाला तो आत जात होता. नाकपुड्या फुलत होत्या, आणि स्वेटरखाली पोट आणि बरगड्या वेगवेगळ्या दिशेला हलत होत्या. तिला पाढा येत होता. तो म्हणायला हवा पुरत नव्हती. आणि दारातून तिचा आज्जा लाडाने म्हणत होता, "चौदा गं, चौदा."

"बस खाली," मी म्हटलं. माझा आवाज इतका मोठा लागला की साहेब दचकले. मी खिडकी उघडली, तिला उचलून मांडीवर बसवलं आणि साहेबांना म्हटलं, तुमची गाडी द्या. त्यांनी एकदा मुलीकडे बघितलं आणि वही मिटली. चावी खिशातून काढत ते आधी बाहेर पडले.

गाडी आप्पांच्या घरावरून जाणार होती. पंप कुठे आहे विचारलं तर ते म्हणाले, "फळीवर." गाडी थांबली आणि तो म्हातारा माणूस छत्री टाकून घराकडे पळाला. त्यांना पळताना मी कधी बघितलं नव्हतं. आणलेला पंप आणि त्याची प्लास्टिकची नळी अजून दुकानाच्या पिशवीत होती, तिची गाठही सुटली नव्हती. माझ्या मुलाला लहानपणी हेच लागायचं, म्हणून मला ते देता येत होतं. तिला पुढे वाकवून बसवलं, नळी तोंडात धरली, श्वास घ्यायला लावला. येळ्ळूर मागे पडेपर्यंत तेच चालू होतं. आप्पा पुढच्या सीटवर उलटे वळून तिच्याकडे बघत होते.

शहरातल्या दवाखान्यात तिला लगेच आत घेतलं. नाकातोंडावर मास्क, त्यातून औषधाची वाफ, मग ऑक्सिजन. डॉक्टरीण तरुण होती, आधी कन्नडमध्ये आणि मग स्वच्छ मराठीत बोलली. छातीत संसर्ग उतरला आहे, दमाही आहे, आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं. मग नेहमीचे प्रश्न. खोकला कधीपासून? आठवडाभर. ताप? अधूनमधून. घरीच होती ना?

"न्हाय," आप्पा म्हणाले. "रोज शाळेला गेल्याली हाय. एक दिवस बी खाडा न्हाय, डॉक्टरीण बाई."

सवयीने म्हणाले. वर्षानुवर्षं ज्या सुरात गावाला सांगत आले त्याच सुरात, मान थोडी वर करून. डॉक्टरीण लिहिता लिहिता थांबली. आणि मग आप्पांना आपलं वाक्य ऐकू आलं. त्यांची मान हळूहळू खाली गेली. त्यांनी टोपी काढली, हातात धरली आणि भिंतीला टेकून खाली बसले. मला त्यांच्यावर रागवायचं होतं. वाटभर जे मी मनात जुळवत आले होते, ते सगळं तिथेच संपून गेलं. मी बाकावर बसले आणि तिची आई येईपर्यंत आम्ही दोघं तसेच बसून राहिलो.

पोरगी वाचली. काही दिवसांनी घरी आली, आणखी पंधरा-वीस दिवस तिला कुणातही मिसळू देऊ नका असं सांगून सोडली. पंप कसा घ्यायचा ते तिला आणि तिच्या आईला दवाखान्यातच शिकवलं. जन्माचा लागतो का, असं तिच्या आईने विचारलं, तर डॉक्टरीण म्हणाली, लागेल तोवर लागेल, चष्म्याला नाही ना आपण असं विचारत.

आप्पा मधे दिसले नाहीत. मग एका सकाळी मी बसमधून उतरले तर ते नेहमीसारखे घरोघर दार वाजवत निघाले होते. मला वाटलं, झालं, पुन्हा सुरू. पण ते पोराला दारात उभं करायचे, कपाळाला हात लावायचे आणि म्हणायचे, "खोकून दाव बगू." मग कान तिरका करून ऐकायचे. ज्याचा खोकला त्यांना पसंत पडायचा नाही, त्याला आईकडे परत. "चार दिस ठेव गं हेला. मी सांगतो बाईस्नी." ज्या आया आप्पांना नाही म्हणू शकत नव्हत्या, त्या आताही म्हणू शकत नव्हत्या. नर्सने एवढी वर्षं जे सांगितलं ते एका आठवड्यात झालं. मला हसू यायला हवं होतं, पण तेवढं त्राण नव्हतं.

वर्ग निम्मा रिकामा झाला. गावात कुजबूज झाली. ज्यांची पोरं पिवळ्या गाडीने जातात तेच पारावर बसून म्हणायला लागले की आज्ज्यानेच शाळा बंद पाडायचं मनावर घेतलंय, साहेब पुन्हा आले तर काय दाखवणार. हे आप्पांच्या कानावर गेलं. त्यांना ते फार लागलं, चेहऱ्यावर दिसत होतं. पण सकाळची फेरी त्यांनी सोडली नाही.

एका दुपारी शाळा सुटल्यावर मी त्यांच्या घरी गेले. पोरगी सोप्यात गोधडीवर बसली होती. न्हाणीची चूल आता परसात, छपराखाली हलवलेली दिसली. मला बघून ती न सांगताच उभी राहिली आणि सातचा पाढा सुरू केला. आप्पा तिच्यामागे बसले होते. त्यांनी तळहात तिच्या पाठीवर ठेवला होता, सपाट, आणि डोळे मिटले होते. ती एका दमात एकवीसपर्यंत गेली. मग श्वास घेतला आणि पुढे निघाली.

"काय कळलं काय, शाळंचं?" त्यांनी डोळे न उघडता विचारलं.

"नाही अजून. काही सांगता येत नाही, आप्पा."

पोरगी सत्तरला पोचून खाली बसली.

"शाळेसाठी परत भांडता येतंय बाई," ते म्हणाले. "आदी भांडलोय, परत भांडीन. हिला काय झालं असतं तर मी कुणासंगं भांडलो असतो?"

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. त्यांनी नातीला पाणी आणायला सांगितलं. परत जाताना बसमध्ये मला बसायला जागा मिळाली आणि शहापूर येईपर्यंत मी झोपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोचले तर खिडक्या उघड्या होत्या, कुणीतरी माझ्या आधीच उघडल्या होत्या. आत थोडीच पोरं. थंड वारा येत होता आणि ती अंग चोरून बसली होती, पण खोकत नव्हती. मी हजेरी घ्यायला सुरुवात केली. एकेक नाव, मधेमधे शांतता. तिचं नाव आलं तेव्हा दारातून आवाज आला.

"घरात हाय," आप्पा म्हणाले. मान वर करून, त्याच जुन्या सुरात.

मी गैरहजरीची खूण केली आणि पुढचं नाव घेतलं.